बंदिवासातील आशा : कार्डिनल न्गुयेन व्हान थुआन यांची श्रद्धायात्रा

संकटकाळी श्रद्धा टिकवावी तरी कशी, हा प्रश्न आम्हा धर्मगुरूंना चर्चच्या सभागृहात क्वचितच विचारला जातो. तो विचारला जातो इस्पितळातील खाटेजवळ, दफनविधी आटोपल्यावर दफनभूमीच्या फाटकाशी, नाहीतर कर्जाने पिचलेल्या एखाद्या घराच्या ओट्यावर. विचारणारा माणूस बहुधा नास्तिक नसतो. आयुष्यभर त्याने रोझरीची माळ हातातून सोडलेली नसते. ‘फादर, आता काय धरून राहू?’ एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. प्रांजळपणे सांगायचे तर सेमिनरीत इतकी वर्षे ईशज्ञान शिकूनही त्या क्षणी आमच्या तोंडून निघणारे शब्द पुष्कळदा पोकळ असतात. ‘देव पाहील, सगळे ठीक होईल’ असे आम्ही म्हणून जातो. सगळे ठीक होईलच, असे वचन देण्याचा अधिकार मात्र आम्हाला कोणी दिलेला नसतो.

म्हणून या प्रश्नाचे उत्तर आम्ही आमच्या शब्दांत न देता एका साक्षीदाराच्या जीवनातून शोधू इच्छितो. व्हिएतनामचे कार्डिनल फ्रान्सिस झेवियर न्गुयेन व्हान थुआन यांनी १३ वर्षे तुरुंगात आणि स्थानबद्धतेत काढली. त्यांपैकी ९ वर्षे ते एकांतवासात होते. त्यांच्यावर कधी खटला चालला नाही, शिक्षेची मुदतही ठरलेली नव्हती. म्हणजे दिवस मोजण्याची सोयदेखील नव्हती. ‘आशा’ हा शब्द अशा माणसाच्या तोंडी आला, की तो ऐकून घेणे आमचे कर्तव्य ठरते.

हुतात्म्यांचे घर

थुआन यांचा जन्म १७ एप्रिल १९२८ रोजी मध्य व्हिएतनाममधील हुए या शहरात झाला. व्हिएतनामी रीतीप्रमाणे आडनाव आधी येते आणि व्यक्तीचे नाव शेवटी. त्यामुळे न्गुयेन हे त्यांचे कुलनाम आणि थुआन हे त्यांचे नाव. बाप्तिस्म्यात त्यांना लाभलेले नाव मात्र आपल्या परिचयाचे आहे. ज्यांचे पार्थिव आपण जुन्या गोव्याला जाऊन वंदितो, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांचे ते नाव.

व्हिएतनाममध्ये सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ख्रिस्ती लोकांचा वेळोवेळी छळ झाला. थुआन यांच्या मातुल घराण्याच्या गावी १८८५ साली चर्चमध्ये जमलेल्या श्रद्धावंतांना जिवंत जाळण्यात आले. त्यांचे आजोबा तेव्हा मलायात शिकत होते म्हणून बचावले. पित्याकडील पणजोबांची कथा ते विशेष जिव्हाळ्याने सांगत. पणजोबांचे वडील श्रद्धेपायी कैदेत होते आणि पंधरा वर्षांचा हा मुलगा त्यांना मूठभर भात आणि मीठ पोहोचवण्यासाठी दररोज ३० किलोमीटर चालत असे. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीत क्रुसावर मरण पावले. त्यांचा सण आपण दरवर्षी साजरा करतो; पण आपल्या मुलांच्या दृष्टीने ते पुतळ्यातले संत आहेत. थुआन यांच्या घरी हुतात्मे हे जेवणाच्या पंगतीत निघणारे विषय होते. आई एलिझाबेथ मुलांना बायबलमधील गोष्टी सांगे आणि त्याच ओघात घराण्यातील हुतात्म्यांच्याही. आजीला लिहिता-वाचता येत नव्हते. घरची सायंप्रार्थना संपली की ती धर्मगुरूंसाठी म्हणून आणखी एक रोझरी म्हणत असे.

११ जून १९५३ रोजी थुआन यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे रोम येथे त्यांनी कॅनन लॉ या विषयात डॉक्टरेट संपादन केली आणि मायदेशी परतून सेमिनरीत अध्यापन केले. त्यांचे मामा न्गो दिन्ह दिएम हे दक्षिण व्हिएतनामचे राष्ट्राध्यक्ष होते. २ नोव्हेंबर १९६३ रोजी लष्करी उठावात दिएम आणि त्यांचे एक बंधू यांची हत्या झाली. या घटनेचा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहोत. थुआन यांना क्षमेचा धडा तुरुंगातच प्रथम शिकावा लागला असे नाही. भावांच्या मारेकऱ्यांना क्षमा करणारी आई त्यांनी पाहिली होती आणि तिच्याइतक्या सहजपणे क्षमा करणे आपल्याला जमत नाही, हेही त्यांनी अनुभवले होते.

१९६७ साली ते न्हा ट्रांग धर्मप्रांताचे बिशप झाले. त्यांनी निवडलेले बोधवाक्य होते ‘गाउदियुम एत स्पेस’, म्हणजे ‘आनंद आणि आशा’. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ सालच्या घटनापत्राचे हे नाव. पुढची आठ वर्षे त्यांनी झपाट्याने काम केले. थोरल्या सेमिनरीतील विद्यार्थी ४२ वरून १४७ वर गेले. प्रापंचिकांचे प्रशिक्षण, युवकांचे मेळावे, धर्मग्रामांच्या भेटी यांत त्यांना उसंत नव्हती. असा कर्तबगार बिशप कोणत्याही धर्मप्रांताला हवाहवासा वाटेल.

१५ ऑगस्ट १९७५

२४ एप्रिल १९७५ रोजी पोप सहावे पॉल यांनी त्यांची सायगॉनचे उत्तराधिकारी सह-आर्चबिशप म्हणून नेमणूक केली. अवघ्या सहा दिवसांनी, ३० एप्रिलला, सायगॉन पडले आणि युद्ध संपले. नव्या राजवटीला ही नेमणूक म्हणजे व्हॅटिकन आणि ‘साम्राज्यवादी’ यांचे संगनमत वाटले. दिएम यांचा भाचा असल्याने संशय दुणावला.

१५ ऑगस्ट, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. आपल्याकडे त्या दिवशी सकाळी मिस्सा होते आणि चर्चच्या आवारात तिरंगा फडकतो. १९७५ सालच्या त्या दुपारी दोन वाजता थुआन यांना अध्यक्षीय प्रासादात बोलावून अटक करण्यात आली. अंगावर झगा आणि खिशात रोझरीची माळ, एवढेच त्यांच्याजवळ होते. रात्रीच्या अंधारात पोलिसांच्या मोटारीतून त्यांना ४५० किलोमीटर दूर, त्यांच्याच जुन्या धर्मप्रांताकडे, स्थानबद्धतेसाठी नेण्यात आले.

त्या प्रवासात त्यांच्या मनात एक विचार आला. पुढील सर्व काही त्यावर उभे आहे. चीनमध्ये १२ वर्षे कैदेत राहून १९७० साली सुटलेले अमेरिकन मिशनरी बिशप जेम्स वॉल्श यांनी म्हटले होते की, आपले अर्धे आयुष्य वाट पाहण्यातच गेले. ते थुआन यांना आठवले. प्रत्येक कैदी क्षणोक्षणी सुटकेचीच वाट पाहतो. थुआन यांनी त्या रात्री ठरवले की, आपण वाट पाहणार नाही. हाती असलेला क्षण जगायचा आणि तो प्रेमाने काठोकाठ भरायचा.

वरवर पाहता हे आशेच्या विरुद्ध वाटते. आशा म्हणजेच वाट पाहणे, असे आपण मानतो. पण ‘उद्या सुटेन’ ही खरे पाहता एक अपेक्षा आहे. उद्या उजाडतो, दार उघडत नाही आणि अपेक्षा करपते. असे शंभर उद्या करपले की माणूस देवाला दोष देऊ लागतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे देवाशी बोलणेच सोडतो. आशा तारखेवर टेकलेली नसते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात (६:१९) आशेला नांगराची उपमा दिली आहे. आमचे कोळी बांधव जाणतात की, नांगर वादळ थांबवीत नाही. होडी वाहून जाऊ नये, एवढेच तो पाहतो.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये थुआन यांनी पहिले पाऊल उचलले. संत पौलाने कैदेतून मंडळ्यांना पत्रे लिहिली, तर आपणही का लिहू नये? पहाटेच्या मिस्सेहून परतणाऱ्या सात वर्षांच्या एका मुलाला त्यांनी हळूच सांगितले की, आईला जुनी कॅलेंडरे आणून द्यायला सांग. रात्री त्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या कागदांवर ते लिहीत. मुलगा ते कागद घरी नेई आणि त्याची भावंडे त्यांची नक्कल करीत. अशा रीतीने १००१ छोट्या चिंतनांचा ‘आशेचा मार्ग’ हा ग्रंथ तयार झाला आणि पुढे तो अनेक भाषांत पोहोचला. संपूर्ण जगाला वाचता आलेल्या या पुस्तकाचे पहिले प्रकाशक एका खेड्यातील शाळकरी मुले होती, ही गोष्ट आम्हाला, छपाईच्या बिलांवरून चिडणाऱ्या संपादकांना, लाजवणारी वाटते.

देव आणि देवाची कामे

मार्च १९७६ मध्ये त्यांना फू खान येथील तुरुंगात एकांतकोठडीत टाकण्यात आले. कोठडीला खिडकी नव्हती. कधी दिवा दिवसरात्र जळत राही, कधी दिवसेंदिवस मिट्ट काळोख असे. दमट उष्म्याने झोपायच्या चटईवर बुरशी उगवली. भिंतीच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी एक भोक होते. श्वास घेता यावा म्हणून जमिनीवर पडून, नाक त्या भोकाशी लावून त्यांनी शंभराहून अधिक दिवस काढले. पाऊस आला की त्याच भोकातून किडे-गांडुळे आत येत.

मात्र त्यांच्या कथनात सर्वांत जीवघेणी गोष्ट ही नाही. त्यांचे वय ४८ होते, अंगात बळ होते, आठ वर्षांचा अनुभव गाठीशी होता. जेथे ते बिशप म्हणून वेदीपुढे उभे राहत, त्या न्हा ट्रांग कॅथेड्रलच्या घंटा त्यांना कोठडीत ऐकू येत. आपले लोक मेंढपाळाविना आहेत आणि आपण येथे निरुपयोगी पडून आहोत, या विचाराने त्यांना झोप लागेना. ते वेडाच्या कडेला पोहोचले होते.

अशा एका रात्री त्यांना अंतर्यामी एक वाणी जाणवली. तिचा आशय त्यांनी पुढे आयुष्यभर सांगितला. तू स्वतःला का जाळतो आहेस? देव आणि देवाची कामे यांत तू भेद करायला हवा. धर्मग्रामांच्या भेटी, सेमिनरी, युवक, शाळा, सुवार्ताप्रसार ही सारी उत्तम कामे आहेत, ती देवाची आहेत. पण ती देव नव्हेत. ती सोडून दे असे देवाला वाटत असेल, तर तात्काळ सोड. तो ती तुझ्याहून अधिक समर्थ हातांत देईल. तू देवाला निवडले आहेस, त्याच्या कामांना नव्हे.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. आमच्या मते कार्डिनल थुआन यांच्या साऱ्या शिकवणुकीचा गाभा येथे आहे आणि तो केवळ बिशपांसाठी नाही. संकट प्रथम आपल्याकडून काय हिरावून घेते? बहुतेक वेळा आपली उपयुक्तता. अर्धांगवायूने खिळलेला धर्मशिक्षक म्हणतो, ‘फादर, आता मी कोणाच्या कामाचा?’ नोकरी गेलेला बाप मुलांच्या नजरेला नजर देत नाही. डोळे अधू झालेल्या आजीला बायबल वाचता येत नाही, म्हणून आपली भक्तीच संपली असे तिला वाटते. आम्ही स्वतः एका दीर्घ आजारपणात काही महिने सेवाकार्यापासून दूर होतो, तेव्हा आमच्या ध्यानात आले की, ज्याला आम्ही देवावरील प्रेम समजत होतो त्यातला बराच भाग कामावरील प्रेमाचा होता. कार्यक्रमपत्रिका कोरी झाली आणि प्रार्थनाही कोरी पडली. हे कबूल करणे सुखाचे नव्हते.

ईयोबाच्या ग्रंथातील मूळ प्रश्नही हाच आहे. आरोप करणारा सैतान देवाला विचारतो की, ईयोब तुझी भक्ती करतो ती काय फुकट? दिलेले काढून घे, मग पाहा. अर्थात देणाऱ्यावर प्रेम आहे की देण्यावर, याचा निवाडा देणे थांबल्यावरच होतो. ख्रिस्ती ईशज्ञानात आशेला श्रद्धा आणि प्रीती यांच्यासह ‘ईश्वरी सद्‌गुण’ म्हटले आहे, कारण तिचा विषय साक्षात देव आहे. बरी होणारी किडनी किंवा मिटणारा दावा नव्हे. त्या गोष्टी मागाव्यात, जरूर मागाव्यात. पण आशा त्यांच्यावर उभी नसते.

प्रार्थना जमत नाही तेव्हा

संतचरित्रे लिहिताना आम्ही मंडळी एक चूक वारंवार करतो. संत दुःखात पडला आणि लगेच प्रार्थनेत रमला, असे लिहून मोकळे होतो. थुआन यांनी स्वतःविषयी असे कधी सांगितले नाही. आजाराने आणि भुकेने थकून गेल्यावर त्यांना एक साधी प्रार्थनाही पुरी करता येत नसे, असे दिवस होते. तेव्हा ते येशूला एवढेच सांगत की, मी येथे आहे. कधी ‘हे आमच्या बापा’ आणि ‘नमो मरिया’ या लहानपणच्या प्रार्थना तेवढ्या ओठांवर उरत.

पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ३० नोव्हेंबर २००७ रोजी ‘स्पे साल्वी’ हे आशेविषयीचे परिपत्रक प्रसिद्ध केले. त्यातील ३२ आणि ३४ क्रमांकांच्या परिच्छेदांत त्यांनी कार्डिनल थुआन यांचा नावानिशी उल्लेख केला आहे. ऐकणारे दुसरे कोणीच उरले नसता देव ऐकतो, ही जाणीव त्यांची आशा बनली, असे पोप महोदय सांगतात. ख्रिस्तसभेच्या ठरलेल्या, पाठ असलेल्या प्रार्थना अशा वेळी माणसाला कशा सावरतात, याकडेही ते लक्ष वेधतात. पाठांतराला नाके मुरडण्याची जी रीत अलीकडे पडली आहे, तिला हे चांगले उत्तर आहे. मन कोरडे पडते तेव्हा स्वतःचे शब्द सुचत नाहीत. आजीने घोकून घेतलेले शब्दच कामी येतात.

आणि तेही न सुचले तर? ८८ वे स्तोत्र उघडावे. जवळजवळ प्रत्येक विलापस्तोत्र शेवटी स्तुतीकडे वळते. हे वळत नाही, ते काळोखातच संपते. तरीही ख्रिस्तसभेने ते गाळले नाही. दर शुक्रवारच्या रात्रप्रार्थनेत आम्ही धर्मगुरू ते म्हणतो. संत पौलानेही करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आरंभी (१:८-९) लपवाछपवी न करता लिहिले आहे की, आशिया प्रांतात आपल्यावर इतका भार पडला की जगण्याचीही आशा उरली नव्हती. आक्रोश करणे म्हणजे श्रद्धा गमावणे नव्हे. आक्रोश कोणाकडे तरी पाहून केलेला असतो.

थुआन यांच्याजवळ बायबल नव्हते. मिळतील ते कागदाचे कपटे जमवून त्यांनी त्यांवर शुभवर्तमानातील आठवतील ती वचने लिहिली. ती ३०० हून अधिक भरली. तेच त्यांचे खिशातील बायबल.

तळहातावरील वेदी

अटकेनंतर त्यांना कपडे, दंतमंजन अशा आवश्यक वस्तू घरून मागवण्याची मुभा मिळाली. त्यांनी लिहिले की, पोटदुखीवर औषध म्हणून थोडा द्राक्षारस पाठवा. श्रद्धावंतांना अर्थ कळला. ‘पोटदुखीचे औषध’ अशी चिठ्ठी लावलेली छोटी बाटली आली आणि टॉर्चमध्ये दडवलेल्या होस्ती आल्या. पोलिसांनी पोट दुखते का, असे विचारले. थुआन यांनी होकार दिला. मग रोज तळहातावर द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब घेऊन ते मिस्साबलिदान अर्पण करू लागले. कॅनन लॉचा डॉक्टर, आणि वेदी म्हणून स्वतःचा तळवा! आयुष्यातील सर्वांत सुंदर मिस्सा त्याच होत्या, असे ते म्हणत.

१ डिसेंबर १९७६ च्या रात्री त्यांना सुमारे १५०० कैद्यांबरोबर उत्तरेकडे जाणाऱ्या जहाजाच्या तळाशी कोंबण्यात आले. अंधार, उलट्या, विव्हळणे. एकाने गळफास लावून घेण्याचा प्रयत्न केला. थुआन त्याच्याजवळ जाऊन बसले, बोलत राहिले. आपला धर्मप्रांत आता खरोखरच मागे सुटला, हे त्यांना जाणवत होते. तेथेच त्यांना उमगले की, हा अंधारा तळ हेच आपले कॅथेड्रल आणि देवाने आता आपल्या हाती सोपवलेले लोक ते हेच. येशू शहराच्या वेशीबाहेर मरण पावला. आपणही वेशीबाहेर पाठवले जात आहोत.

उत्तरेतील विन्ह फूच्या छावणीत कैद्यांचे पन्नास-पन्नासांचे गट होते. सामाईक फळीवर प्रत्येकाच्या वाट्याला ५० सेंटीमीटर जागा. कॅथलिक कैद्यांनी जागांची अदलाबदल करून थुआन यांच्या आजूबाजूला पाच जण झोपतील अशी व्यवस्था केली. रात्री साडेनऊला दिवे मालवले की ते बिछान्यावर वाकून पाठ असलेली मिस्सा अर्पण करीत आणि मच्छरदाणीखालून हात पुढे करून ख्रिस्तशरीर देत. सिगारेटच्या पाकिटातील कागदाच्या चिमुकल्या पिशव्या करून त्यांत पवित्र साक्रामेंत जपून ठेवले जाई. आठवड्यातून एकदा सर्व कैद्यांना राजकीय शिकवणीसाठी एकत्र बसवीत. मधल्या सुटीत त्या पिशव्या इतर गटांतील कॅथलिकांकडे पोहोचत. प्रत्येक जण येशूला खिशात घेऊन वावरे. रात्री पाळीपाळीने आराधना होई. श्रद्धा सोडलेले परत आले, बौद्ध आणि अन्य काही कैद्यांनी छावणीतच बाप्तिस्मा घेतला.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागून आपली चर्चे बंद झाली, तेव्हा हा प्रसंग आम्हाला पुन्हापुन्हा आठवत असे. पडद्यावरील मिस्सेने अनेकांना धीर दिला, हे खरे. पण दारे पुन्हा उघडल्यावर काही जण परतलेच नाहीत, हेही आपण पाहिले. तीन थेंबांसाठी जीव धोक्यात घालणाऱ्यांची भूक आणि आपली भूक यांत काही अंतर आहे. या अंतरावर आम्ही प्रवचन देऊ इच्छित नाही. ते आम्हालाही लागू आहे.

पहारेकरी

एकांतवासात त्यांच्यावर दोन पहारेकरी असत. त्यांना बोलण्याची मनाई होती. थुआन मात्र हसत, त्यांची विचारपूस करीत, परदेशच्या गोष्टी सांगत. हळूहळू ते मित्र झाले. हा मनुष्य आपल्या शिपायांना ‘बिघडवील’ या भीतीने अधिकाऱ्यांनी दर पंधरवड्याला पहारेकरी बदलण्याचा हुकूम काढला. काही काळाने हुकूम मागे घेण्यात आला, कारण असे चालू राहिले तर सगळेच पोलीस बिघडतील, असे त्यांच्या लक्षात आले!

एका पहारेकऱ्याला लॅटिन गीत शिकण्याची हौस होती. त्याने निवडले ‘वेनी क्रेआतोर’, पवित्र आत्म्याच्या आवाहनाचे स्तोत्र. रोज सकाळी तो साम्यवादी शिपाई व्यायामाला जाताना जिना उतरता उतरता ते मोठ्याने गाई आणि कोठडीतील बिशप ऐकत राही.

छावणीत लाकडे तोडताना थुआन यांनी एका पहारेकऱ्याच्या संमतीने लहानसा लाकडी क्रूस तयार केला आणि साबणाच्या वडीत दडवला. पुढे दुसऱ्या तुरुंगात त्यांनी विजेची तार आणि पक्कड मागितली. कैदी आत्महत्या करील या धास्तीने पहारेकरी दचकला. साखळी करायची आहे हे कळल्यावर त्याने एके सकाळी स्वतः मदत केली आणि दोघांनी मिळून काही तासांत तारेची साखळी वळली. सुटकेनंतर थुआन यांच्या छातीवर बिशपचा क्रूस म्हणून हाच क्रूस, याच साखळीत असे. त्यासाठी मदत करणारे हात शत्रूचे होते, हे ते आवर्जून सांगत. पहारेकऱ्यांनी ‘तुम्ही आमच्यावर खरेच प्रेम करता का?’ असे विचारले तेव्हा त्यांनी होय म्हटले; येशूने शिकवले आहे म्हणून, एरवी मी ख्रिस्ती म्हणवून घेण्यास पात्र नाही, असे कारण दिले.

सुटका आणि नंतर

एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आशेचा हा अर्थ ऐकून काहींना वाटते की, संकट निमूटपणे सोसत राहणे हीच ख्रिस्ती वृत्ती. कार्डिनल थुआन यांना सुटका हवी होती. १९८८ साली नोव्हेंबरमध्ये मंत्र्यांनी त्यांना बोलावून काय हवे असे विचारले, तेव्हा त्यांनी आजच मुक्त करा, असे स्पष्ट सांगितले. आपण फार काळ कैदेत आहोत, तीन पोप आणि सोव्हिएत पक्षाचे चार सरचिटणीस होऊन गेले, हेही ऐकवले. मंत्री हसले. त्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, मंदिरातील पवित्र मरियेच्या समर्पणाचा सण होता. त्याच वर्षी १९ जूनला पोप दुसरे जॉन पॉल यांनी व्हिएतनामच्या ११७ हुतात्म्यांना संतपद दिले होते.

त्यामुळे आजारी माणसाने औषध घ्यावे, छळ सोसणाऱ्या स्त्रीने आधार आणि कायदा दोन्ही शोधावेत, कर्जात बुडालेल्याने लाज बाजूला ठेवून धर्मग्रामाकडे यावे. मनावर काळोख दाटला असेल तर डॉक्टरकडे जाणे हा अविश्वास नव्हे. दुःख ही स्वतःहून चांगली गोष्ट आहे, असे ख्रिस्तसभा शिकवत नाही. प्रभू येशूने गेथशेमनी बागेत प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. रोमकरांस पत्रात (५:३-५) संत पौल क्लेशांतून सहनशक्ती, सहनशक्तीतून कसाला उतरलेले मन आणि त्यातून आशा अशी मालिका देतो, पण शेवटी तिचे कारण दुःखात नव्हे तर अंतःकरणात ओतलेल्या देवाच्या प्रेमात दाखवतो. दुःखाने माणूस कडवटही होतो. तेही आम्ही पाहिले आहे.

सुटकेने सर्व काही परत मिळाले असेही नाही. सायगॉनच्या आर्चबिशपपदाची सूत्रे त्यांना कधीच हाती घेता आली नाहीत. १९९१ साली ते रोमला गेले आणि त्यांना मायदेशी परतू दिले गेले नाही. देव आणि देवाची कामे यांतील भेद त्यांना पुन्हा एकदा करावा लागला. १९९४ साली ते न्याय आणि शांतीविषयक परमपीठीय परिषदेचे उपाध्यक्ष व १९९८ साली अध्यक्ष झाले. ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीचा जो सारग्रंथ २००४ साली प्रसिद्ध झाला, त्याचे काम त्यांच्या देखरेखीखाली सुरू झाले. २००० सालच्या उपवासकाळात पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना रोमन कुरियासाठी तपसाधना घेण्यास पाचारण केले. ती प्रवचने ‘आशेची साक्ष’ या नावाने प्रसिद्ध आहेत. ज्यांना एकच पुस्तक वाचायचे असेल त्यांनी ते वाचावे. ज्यांना तेवढाही वेळ नाही त्यांच्यासाठी ‘पाच भाकरी आणि दोन मासे’ ही लहान पुस्तिका आहे.

२१ फेब्रुवारी २००१ रोजी त्यांना कार्डिनलपद मिळाले. तोवर कर्करोगाने त्यांना गाठले होते. १६ सप्टेंबर २००२ रोजी रोम येथे त्यांनी देह ठेवला. २०१७ सालच्या मे महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी त्यांचे वीरोचित सद्‌गुण मान्य केल्याने त्यांना ‘पूजनीय’ ही उपाधी प्राप्त झाली. त्यांचे पार्थिव २०१२ साली रोममधील त्रास्तेव्हेरे भागातील सांता मारिया देल्ला स्काला या चर्चमध्ये हलवण्यात आले. रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंनी संत पेत्राच्या महामंदिरातून नदीच्या त्याच काठाने थोडे चालत गेल्यास त्यांच्या समाधीपाशी मेणबत्ती लावता येते.